चैत्र-वैशाखातलं संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर पाहायला कधी यावं, असं परगावच्या कुणी विचारलं की आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं. दिवाळी झाली की या आणि होळीच्या आत परता. हॉटेलवाले, गाइड, रिक्षावाले, घरातली वडीलधारी माणसं, सगळे हेच सांगतात. वेरूळ-अजिंठा महोत्सवसुद्धा उन्हाळा टाळूनच भरतो. सोनेरी महालासमोर गार हवेत गाणं ऐकण्याचं सुख मला मान्य आहे. तरीही माझं म्हणणं उलट आहे. हे शहर आणि त्याच्या भोवतीचा दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, पैठण हा मुलूख मनापासून पाहायचा असेल, तर चैत्र-वैशाखात यावं. ऊन टाळू नये. इथल्या वास्तू आणि इथले उत्सव ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून घडले, तो प्रश्नच उन्हाळ्याचा आहे. हिवाळ्यात येणाऱ्याला उत्तर दिसतं, पण प्रश्न दिसत नाही, आणि मग उत्तरातली बुद्धी कळत नाही.

इंग्लंडात उन्हाळा म्हणजे घराबाहेर पडायचे दिवस. यॉर्कसारख्या तटबंदीच्या जुन्या शहरात जुलैमध्ये प्राचीन संगीताचा महोत्सव भरतो, जुन्या चर्चमध्ये मैफली होतात, लांबलेल्या संध्याकाळी लोक तटावरून फिरतात. तिथे उन्हाची वाट पाहिली जाते. आपल्याकडे पारा चाळिशीला टेकलेला असताना उत्सव उभा राहतो, म्हणून तो रात्री चालतो, पाणी वाटतो आणि सावलीला थांबतो. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या वास्तूंनीही हेच केलं. उत्सव आणि वास्तू इथे एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर दोन्ही जास्त कळतात.

सुरुवात पाणचक्कीपासून करावी, आणि तीही भर दुपारी. खाम नदीवरच्या पुलावरून महमूद दरवाजाकडे येताना डांबर तापलेलं असतं, डोळे किलकिले होतात, नदीत पाण्यापेक्षा दगडच अधिक दिसतात. आत पाऊल टाकलं की आधी आवाज येतो. उंच भिंतीवरून पाण्याची चादर खालच्या हौदात कोसळते त्याचा तो आवाज. पाणी अजून नीट दिसलेलं नसतं, पण कान गार झालेले असतात. मग पाणी दिसतं, मग वडाची सावली, आणि सगळ्यात शेवटी ज्या चक्कीमुळे या जागेला नाव मिळालं ती चक्की. हा क्रम मला फार आवडतो. बांधणाऱ्यानं तो ठरवून ठेवला होता की नाही हे कोण सांगणार, पण उन्हातून आलेल्या माणसाला काय आधी हवं असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ही जागा मुळात बाबा शाह मुसाफिर या सूफी संताची खानकाह. ते मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या बाजूनं इथे आले. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे मशीद, मदरसा, सराई, ग्रंथालय आणि हे पाण्याचं काम टप्प्याटप्प्यानं उभं राहिलं. नहर आणि चक्कीच्या कामाशी तुर्कताज खान या सरदाराचं नाव जोडलेलं आहे. हर्सूलच्या बाजूच्या डोंगराळ भागात झऱ्याचं पाणी गोळा करून ते मातीच्या बंद नळांतून, जमिनीच्या पोटातून, केवळ उताराच्या जोरावर इथपर्यंत आणलं. शेवटी ते उंच भिंतीत वर चढवलं आणि वरून सोडलं. ना मोट, ना बैल. पाण्याच्या धारेनं खालचं पात्यांचं चाक फिरतं, चाकाच्या आसावर वरचं जातं फिरतं, आणि त्यावर खानकाहमधल्या फकिरांसाठी, अनाथांसाठी, वाटसरूंसाठी दळण दळलं जाई.

इथवरची माहिती कुठलाही गाइड सांगतो. पण पाणचक्कीचं मोठेपण चक्कीच्या पुढे सुरू होतं. मोठ्या हौदाचा तळ हे खालच्या दालनाचं छत आहे. खांबांच्या रांगांवर हा हौद तोलून धरलेला आहे, आणि त्याच्या खाली माणसांनी बसावं, निजावं, उन्हाची वेळ काढावी अशी प्रशस्त जागा आहे. डोक्यावर पाणी, म्हणून खाली गारवा. म्हणजे एकच पाणी आधी पीठ दळतं, मग कानाडोळ्यांना सुख देतं, मग छतावर पसरून खालची खोली थंड करतं आणि उरलेलं खाम नदीला मिळतं. तीन कामं झाल्यावरच त्याला जाऊ दिलं जातं. मी भारतातली अनेक शाही कारंजी पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी पाणी ऐश्वर्य मिरवायला उडवलेलं दिसतं. इथे ते गरिबाच्या भाकरीसाठी राबतं आणि राबता राबता सुंदर दिसतं. माझ्या मते या शहरातली सर्वांत थोर वास्तू बीबी का मकबरा नाही, ही आहे.

मकबऱ्याबद्दल वाईट बोलायचं नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू म्हणजे राबिया-उद-दौरानी 1657 साली गेली, तिच्या स्मरणार्थ हा मकबरा 1660 च्या सुमारास उभा राहिला. वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा, त्यामुळे तुलना ओघानंच येते आणि ती मकबऱ्याला सोसत नाही. पण एप्रिलमध्ये सकाळी दार उघडता उघडता आत जावं. लांबट हौद, दोन्ही बाजूंचे रस्ते, झाडांच्या ओळी, जाळ्यांतून फिरणारा वारा हे सगळं तेव्हा अलंकार राहत नाही, गरज होतं. नऊ वाजले की निघावं.

पाणचक्कीच्या आधी शंभर वर्षं या गावानं पाण्याचा मोठा धडा गिरवला होता, आणि तो शिकवणारा माणूस हबशी होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनला पोचलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि 1610 मध्ये त्यानं खडकी गाव, म्हणजेच आजचं हे शहर, वसवलं. नावातच खडक. बसाल्टच्या पाठीवर राजधानी वसवायची तर आधी पाणी हवं. त्यानं हर्सूलच्या बाजूच्या भूगर्भातून नहर काढली. डोंगरउतारावर मुरलेलं पाणी भुयारात पाझरू द्यायचं, ठरावीक अंतरावर वर उघडणारी विवरं ठेवायची, गावात पाणी आल्यावर त्याचा दाब आणि अडकलेली हवा सांभाळायला चुन्याविटांचे उंच मनोरे उभारायचे, आणि तिथून गल्लोगल्लीच्या हौदांत ते सोडायचं. इराणातल्या कनातीची ही विद्या. जवळपास त्याच काळात बुऱ्हाणपूरला मुघलांनी कुंडी भंडारा याच धर्तीवर बांधला. अंबर आणि मुघल रणांगणावर वैरी, पण दोघांचीही तहान एकाच शास्त्रानं भागली.

नहर-ए-अंबरीचं सौंदर्य डोळ्यांना दिसत नाही, कारण ती जमिनीखाली आहे. दिसतात ते मधूनमधून उभे असलेले जुने मनोरे, कुणाच्या घराच्या भिंतीला चिकटलेले, कुठे पिंपळानं फोडलेले. त्यांना लोक काहीही समजतात. उन्हाळ्यात शहराच्या अनेक वस्त्यांत नळाला आठवड्यानं पाणी येतं, टँकरची वाट पाहत प्लास्टिकचे ड्रम रांगेनं उभे राहतात. अशा दिवशी या मनोऱ्याजवळ थांबलं, की विजेशिवाय आणि पंपाशिवाय पाणी वाहून आणणाऱ्या त्या माणसाविषयी मनात जो आदर दाटतो तो जानेवारीत दाटत नाही.

आता पैठण. शहरापासून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटर. नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला येते, म्हणजे होळी होऊन गेलेली असते, गोदाकाठची वाळू दुपारी पाय ठेवू देत नाही. एकनाथांनी 1599 साली याच तिथीला गोदेत देह ठेवला. या यात्रेचं वर्णन सहसा दिंड्यांचं, पताकांचं, काल्याच्या दहीहंडीचं होतं. मला तिचा गाभा नाथांच्या वाड्यातल्या रांजणात सापडतो. श्रीखंड्या नावाचा एक साधा गडी नाथांच्या घरी बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता, आणि तो साक्षात श्रीकृष्ण होता, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तुकाराम बीजेला वाड्यातल्या रांजणाची पूजा होते, आणि मग येणारा प्रत्येकजण गोदेचं पाणी आणून त्यात ओततो. रांजण भरून वाहिला की देव येऊन पाणी घालून गेला, अशी श्रद्धा.

वर्षभर ज्या कृतीकडे कुणी ढुंकून पाहत नाही, ती कृती इथे पूजा होते. पाणी भरणं. खेड्यातून आलेल्या बायका घागर घेऊन त्या रांगेत उभ्या राहतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्याला मी नुसती भक्ती म्हणणार नाही. ज्या कामात त्यांचे जन्म गेले, ते काम देवानं केलं होतं, तेही नोकर होऊन. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड नाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही दुसरी कथा. तीही उन्हाळ्याचीच, वाळवंटातली. नाथांच्या चरित्रात पाणी असं वारंवार येतं आणि दर वेळी ते वरून खाली, तहानलेल्याकडे वाहतं. गावाच्या वरच्या अंगाला 1976 साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय आहे, त्याचं नाव नाथसागर. संभाजीनगरच्या नळाला येणारं पाणी तिथलंच. ज्यानं हे नाव सुचवलं, त्याला रांजण आठवला असणार.

नाथषष्ठीला पंचपर्वा षष्ठी म्हणतात, कारण नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांच्या जीवनातले प्रसंगही याच तिथीशी जोडले आहेत. जनार्दनस्वामी देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे, किल्लेदार होते. लहानगा एकनाथ पैठणहून त्यांच्याकडे आला आणि किल्ल्यावर राहून शिकला. दख्खनचा सर्वांत अभेद्य गड म्हणून आपण ज्याचे खंदक मोजतो, तो एका थोर कवीचं गुरुकुलही होता. स्वामींचं स्थान आजही गडावर आहे, आणि चैत्रातल्या ज्या रात्रीकडे मला वळायचं आहे, त्या रात्रीची वाट याच गडाच्या पायथ्यावरून जाते.

चैत्री पौर्णिमा म्हणजे हनुमान जयंती. तिच्या आदल्या संध्याकाळी शहर पायी निघतं. खुलताबादचा भद्रा मारुती इथून पंचवीसेक किलोमीटर. क्रांती चौकातून, सिडकोतून, जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून, छावणीतून लोकांचे लहान लहान ओहोळ निघतात आणि नगर नाक्याच्या पुढे त्यांचा एकच प्रवाह होतो. कॉलेजची पोरं, पाठीवर लेकरू घेतलेले बाप, वाळूजच्या कारखान्यांतून पाळी संपवून तसेच आलेले कामगार, नऊवारीतल्या म्हाताऱ्या. ना पालखी, ना मानाची दिंडी, ना कुणी कुणाच्या पुढे जायचा हट्ट. पंढरीच्या वारीत शिस्तीचं सौंदर्य असतं. इथे शिस्त नाही आणि तिची उणीवही भासत नाही. ज्याला जेव्हा दम लागेल तेव्हा तो बसतो. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर. उजव्या-डाव्या हाताला अंधारात टेकड्या, भांगसीमातेच्या गडावरचा दिवा.

वाटेवर दर काही पावलांना मंडप. कुणी ताक देतं, कुणी लिंबाचं सरबत, केळी, उपवासाची खिचडी, पहाटे चहा. आणि पाणी तर सगळेच. "घ्या माउली, थंडगार आहे," असं म्हणत पुढे आलेले हात पाहावेत. देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव, गाव, जात, देव काही विचारायचं नसतं. अशा पाणपोया मला या उत्सवाचं देऊळच वाटतात. पुढच्या देवळात देव आहे हे खरं, पण त्याची पूजा पडेगावपासूनच सुरू झालेली असते.

आता चंद्राकडे लक्ष द्यावं. चतुर्दशीचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो, आणि वाट वायव्येला जाते. त्यामुळे रात्रीच्या पहिल्या प्रहरात चंद्र चालणाऱ्याच्या पाठीशी असतो आणि समोर येणारं सगळं तो उजळून दाखवतो. शरणापूरच्या पुढे देवगिरी दिसायला लागतो तो असा. दिवसा हा डोंगर तपकिरी, रखरखीत आणि काहीसा ओळखीचा वाटतो. चांदण्यात त्याचा शंकूसारखा माथा आणि खालचे तासून सरळ केलेले कडे वेगळे होतात. वरचा भाग निसर्गाचा, खालचा माणसाच्या छिन्नीचा, ही सीमारेषा एरवी जाणकारालाही शोधावी लागते. या रात्री ती सावलीनं आखून दिलेली असते. शेजारी बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला चांद मिनार. नाव सार्थ करणारी त्याची वेळ हीच.

दिल्लीहून 1327 साली महंमद तुघलकानं राजधानी इथे हलवली, तेव्हा माणसांचे असेच तांडे याच गडाच्या दिशेनं चालत आले होते. ते बळजबरीनं आले, हे आपखुशीनं येतात, एवढा फरक चालताना सतत जाणवतो. आणि गडाचा इतिहास वाचताना लढायांपेक्षा पाणी मोजावं असं मी म्हणेन. हत्ती हौद, सरस्वती बारव, खंदक. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला तेव्हा आतला दाणागोटा संपला, आणि धान्य समजून आणलेल्या पोत्यांत मीठ निघालं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, गड कशानं पडतो हे तिला कळलेलं आहे.

याच पायथ्याशी पाण्याची आणखी एक आठवण आहे, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघाले होते, वाटेत दौलताबादला थांबले. प्रवासात अंगावर धूळ बसलेली. गडाच्या दरवाजाजवळ दगडी फरसबंदीचं छोटं कुंड काठोकाठ भरलेलं. काहींनी फरसबंदीवर त्यातल्या पाण्यानं तोंड आणि पाय धुतले. थोड्याच वेळात पाणी बाटवलं म्हणून ओरड झाली, जमाव जमला, शिव्या झाल्या. शेवटी गडात जाऊ दिलं ते आत कुठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर, आणि ती अट पाळली जाते का हे पाहायला सोबत हत्यारबंद शिपाई. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे. किल्ल्यात जाणाऱ्या प्रत्येकानं ती थोडी पानं वाचूनच जावं.

म्हणून उन्हाळ्यातल्या उत्सवांत मी 14 एप्रिलची मध्यरात्र या वाटेला जोडून पाहतो. ठिकाण भडकल दरवाजा. मलिक अंबरानं मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून 1612 मध्ये बांधलेला, या शहराच्या दरवाजांमधला सर्वांत भारदस्त. त्याच्या समोर बाबासाहेबांचा पुतळा. रात्रीचे बारा वाजायला येतात तसा निळ्या झेंड्यांचा लोंढा वाढत जातो, पांढऱ्या साड्यांतल्या आयाबाया मेणबत्त्या घेऊन येतात, बारा वाजले की जयघोष उठतो. गुलामीतून वर आलेल्या एका माणसाचा विजयदरवाजा आणि त्यापुढे, गुलामीविरुद्ध ज्यानं आयुष्य वेचलं त्याचा जयंतीसोहळा. हा योग नेमून आणलेला असो वा आपसूक जुळलेला, याहून अर्थपूर्ण शहररचना मला महाराष्ट्रात दुसरी माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या सबंध वाटेवर पाण्याचे, सरबताचे, मठ्ठ्याचे स्टॉल. 1934 च्या त्या कुंडाशेजारी या पाणपोया ठेवून पाहाव्यात. मग एक ग्लास पाणी पुढे करण्यात किती इतिहास आहे ते कळतं. बाबासाहेबांनी या शहराला 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय दिलं, त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी 1 सप्टेंबर 1951 ला बसवली. नागसेनवनातल्या झाडांखाली आजही एप्रिलच्या दुपारी मुलं पुस्तकं घेऊन बसलेली दिसतात.

पुन्हा मारुतीच्या वाटेला लागू. दौलताबाद सोडलं की घाट चढायला लागतो आणि रस्ता जुन्या तटाच्या दरवाजातून जातो. दिवसा इथे गाड्या अडकतात, लोक हॉर्न वाजवतात, कमान कुणी पाहत नाही. पायी जाणाऱ्यांचा लोंढा तिच्यातून सुखानं वाहतो, कारण ती पावलांच्याच मापानं बांधलेली आहे. चढावर बोलणं थांबतं. वर कागजीपुरा, हातकागदाचं गाव. तुघलकाच्या राजधानीसोबत आलेल्या कागद्यांची ही परंपरा. लगद्याला पाणी लागतं, म्हणजे कागदही इथे पाण्यानंच टिकला.

पहाट व्हायला येते तसा चंद्र डोक्यावरून पश्चिमेला कलतो. रात्रभर पाठीशी असलेला, तो आता समोर. खुलताबादचा वेशीचा दरवाजा त्याच्याकडे पाठ करून काळाभोर उभा दिसतो. गावात चहूकडे दर्गे: बुऱ्हानुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराझी, जर जरी जर बक्ष. चौदाव्या शतकात सूफींनी या पठाराला घर मानलं. त्यांचे उरूस चांद्र वर्षाप्रमाणे ऋतूंतून फिरत राहतात, कधी पावसात, कधी उन्हात. गावाच्या कडेला एका घुमटाखाली मलिक अंबर विसावला आहे, 1626 पासून. शहराला पाणी देणारा माणूस या रात्री चालणाऱ्यांच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर आहे, हे चालणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. कुणीतरी सांगायला हवं.

मग भद्रा मारुती. मारुती म्हटलं की द्रोणागिरी उचललेला, गदा रोखलेला, उड्डाणाच्या बेतातला असा डोळ्यांपुढे येतो. हा निजलेला आहे. शेंदरानं माखलेली आडवी मूर्ती. भद्रावतीचा राजा भद्रसेन कुंडाकाठी बसून रामाचं भजन म्हणायचा, मारुती ते ऐकायला आला आणि ऐकता ऐकता भावसमाधीत आडवा झाला, अशी कथा. कुंडाचं नाव भद्रकुंड. या मूर्तीचा रस कशात आहे हे मला रात्रभर चालूनच उमगलं. शक्तीचा देव, आणि त्याची इथली मुद्रा विश्रांतीची. तीही झोपेची नाही, गाण्यात बुडालेल्या श्रोत्याची. पंचवीस किलोमीटर चालून पाय भरून आलेला माणूस जेव्हा त्याच्यासमोर उभा राहतो, तेव्हा देव त्याला उठ म्हणत नाही, लढ म्हणत नाही. तूही जरा टेक, असंच म्हणतो. गाडीनं आलेल्याला ही मूर्ती एक नवल वाटते. पायी आलेल्याला ती आपली वाटते. सूर्य वर येण्याआधी आवारात, झाडांखाली, दुकानांच्या ओट्यांवर शेकडो माणसं मारुतीसारखीच आडवी झालेली असतात.

अंगात बळ उरलं असेल तर घाट उतरून वेरूळला जावं, चारेक किलोमीटर. घृष्णेश्वराजवळचं अहिल्याबाईंनी बांधलेलं शिवालय तीर्थ आधी पाहावं. लाल दगडाच्या पायऱ्या चारी बाजूंनी पाण्याकडे उतरतात, मधल्या टप्प्यावर लहान लहान देवळं. पायरी पायरीनं उन्हातून गारव्यात शिरणं म्हणजे काय, ते इथे पावलांना कळतं. आणि लेणी? त्यांच्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी एकच सांगतो. बाहेर खडक भाजत असताना दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्यात, शिरा. दगडात कोरलेल्या फासळ्यांचं ते छत, समोर बुद्ध, आणि कातळाचा गारवा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मावळतीकडे कलणारा सूर्य वरच्या गवाक्षातून थेट बुद्धाच्या मुखावर उतरतो. त्या दिवसांत लोक मुद्दाम येतात, गर्दीतही कुजबुजत बोलतात. उन्हाळ्याचा हा पहिला उत्सव, सूर्यानंच मांडलेला.

अक्षय तृतीयेला घरोघरी मातीच्या घागरीत पाणी भरून, वर आंबा ठेवून पितरांच्या नावानं ते दिलं जातं, आणि हिमायत बागेत आंब्याची झाडं फळांनी वाकलेली असतात. मुघल काळातली ही बाग आज कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. दिल्ली दरवाजाजवळ, भर शहरात, नहरीच्या पाण्यावर वाढलेली एवढी मोठी हिरवाई टिकून आहे हे या शहराचं भाग्य. तिथे सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी पायाखालून काय वाहत होतं याचा एकदा विचार करावा.

येत्या चैत्रात या. दुपारी पाणचक्कीच्या हौदाखालच्या गारव्याला जा, चतुर्दशीच्या संध्याकाळी नगर नाक्यावरून मारुतीच्या वाटेला लागा, वाटेत जो पाणी देईल त्याच्या हातून घ्या. आणि या शहरात राहणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. हर्सूलपासून पाणचक्कीपर्यंत नहरीचे जे मनोरे, जी विवरं आणि जे हौद अजून उभे आहेत, त्यांतलं आपल्या गल्लीतलं एक तरी ओळखून ठेवा, त्यात कचरा पडू देऊ नका, त्यावर भिंत चढू देऊ नका, आणि पोरांना ते काय आहे ते सांगा.